गेल्या वर्षीच्या दोनशे पुस्तिका आणि यंदाचा संकल्प

पवनाकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

२५ डिसेंबर तोंडावर आला आहे. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची देहूरोडच्या विहारात प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या पावणेदोन वर्षे आधीची ही घटना आहे. त्यामुळे आम्हा पुणे-पिंपरीकडच्या माणसांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपतच नाही. ते २५ तारखेला देहूरोडला संपते आणि १ जानेवारीला पेरणे फाट्यावर, भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभासमोर सुरू होते. मधले सहा दिवस मी हिशोबासाठी राखून ठेवतो. यंदा तो हिशोब आधीच आणि चारचौघांत मांडतो आहे, कारण मनातल्या मनात मांडलेला हिशोब दर वर्षी माझ्याच बाजूने लागतो.

गेल्या वर्षी देहूरोडहून परतताना लोकलमध्ये मी ठरवले होते की वर्षभरात दोनशे घरांपर्यंत धम्म पोचवायचा. लगेच बुद्धवंदनेच्या २०० पुस्तिका आणल्या, दहा रुपयांना एक. सुरुवातीला उत्साह होता. मंगल परिणयाच्या मांडवात वाटल्या, एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटल्या, १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर उभा राहून वाटल्या. परवा माळा आवरताना गठ्ठे मोजले, तर १३१ पुस्तिका तशाच निघाल्या. एका गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. म्हणजे वाटल्या गेल्या ६९. त्यांपैकी ज्या वीस-बावीस घरांत माझे जाणे-येणे आहे, तिथे मी बोलता बोलता चौकशी केली. पुस्तिका कुठे आहे हे फक्त तीन घरांना सांगता आले. दोन घरांत ती बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीसकट, जशी दिली तशी होती.

तिसरी औंध रोडला राहणाऱ्या एका मावशींकडे सापडली. ती स्वयंपाकघरात होती, मिसळणाच्या डब्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेली. कडा वाफेने फुगल्या होत्या आणि पंचशीलाच्या पानावर हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा होता. मावशी म्हणाल्या, "कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत माझे दोनदा म्हणून होते." मग मला आठवले की त्यांना पुस्तिका दिली त्या दिवशी पाऊस कोसळत होता, मी तासभर अडकलो होतो आणि चौथ्या शीलातला 'मुसावादा' म्हणजे नेमके काय, खोटे बोलणे एवढेच की चहाडीदेखील, यावर आमची चांगलीच चर्चा रंगली होती. उरलेल्या अडुसष्ट घरांत मी बसलो नव्हतो. हातात पुस्तिका ठेवून, जय भीम म्हणून, पुढच्या माणसाकडे वळलो होतो.

म्हणून यंदा एकही पुस्तिका वाटायची नाही, असे मनात आहे. तीन घरे निवडायची, दर पौर्णिमेला त्यांपैकी एका घरी संध्याकाळी जाऊन बसायचे, वंदना घ्यायची, बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली दोन पाने वाचायची आणि त्यावर बोलायचे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आपण विहारात ग्रंथवाचन करतोच, पण तिथे येणारे चेहरे ठरलेले असतात.

आपला गेल्या वर्षीचा हिशोब काय आणि यंदाचा संकल्प काय, हे कृपया लिहावे. फुलांची आणि शुभेच्छांची चित्रे या धाग्यावर टाकू नयेत, ही नम्र विनंती.

खडकीकर | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

साधू, साधू, साधू. आमचा हिशोब लिहिण्याच्या लायकीचा नाही, म्हणून फक्त वाचतो आहे.

साठीनंतर | १५ डिसेंबर, सकाळी ७.१५

जय भीम. लेखन मनापासूनचे आहे, पण पुस्तिका थांबवण्याचा निर्णय मला पटलेला नाही. माझे वडील देहूरोडच्या डेपोत कामाला होते. बाबासाहेब येणार हे त्यांना एका हस्तपत्रकावरून कळले आणि त्या कागदामुळे ते १९५४ साली त्या गर्दीत उभे राहिले. कागदाला कमी लेखू नका. कागद नसता तर आमच्या घरात धम्म किती वर्षे उशिरा आला असता, कोण जाणे.

अर्थात वडील सांगत ते पूर्ण सांगायचे तर, पत्रक त्यांना वाचता येत नव्हते. दुपारच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि दोन वेळा वाचायला लावले म्हणून तो चिडला, ही आठवण ते हसून सांगत. दीक्षेनंतर वडिलांनी घरातले देव पवनेत सोडले. (त्याच पट्ट्यात, दोन-तीन कोसांवर, तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तरली, हे इथली माणसे विसरत नाहीत. आमचे देव मात्र तरंगून वर आले नाहीत, असे आई म्हणायची.) देव गेल्यावर आईपुढे प्रश्न उभा राहिला की आता तिन्हीसांजेला दिवा कुणापुढे लावायचा आणि लावताना म्हणायचे काय. अक्षरओळख तिलाही नव्हती. शेजारच्या एका आजींनी पुढचे तीन-चार महिने रोज संध्याकाळी येऊन तिच्याकडून 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणवून घेतले. आई शेवटपर्यंत 'सरणं' हा शब्द त्या आजींच्याच हेलात म्हणत असे.

पुस्तिकांच्या बाजूने लिहायला बसलो होतो आणि लिहिता लिहिता माझीच साक्ष तुमच्या बाजूला गेली, हे आता लक्षात येते आहे. तरीही माळ्यावरच्या १३१ पुस्तिकांचे काय करणार, ते सांगा.

हिंजवडी_रात्रपाळी | १५ डिसेंबर, दुपारी १.३०

जय भीम. मी इथे नेहमी वाचते, लिहिते क्वचित. 'धम्म सांगणे' हा विषय आमच्यासारख्यांसाठी जरा वेगळा आहे, तो मांडते.

बाणेर-हिंजवडी भागात बुद्ध कुठे नाहीत? कॅफेत आहेत, सलूनमध्ये आहेत, घर दाखवायला नेतात त्या नमुना सदनिकेत हमखास आहेत. आमच्या संकुलाच्या प्रवेशदालनात बुद्धाचे एक मोठे मस्तक आहे, त्याच्या मागून पाण्याची धार सोडली आहे आणि खाली रंगीत मासे आहेत. लोक त्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. पण मी कचेरीत सहज जरी म्हटले की मी बौद्ध आहे, तर पुढचा प्रश्न "अरे वा, विपश्यना करता का?" असा येतो आणि नाही म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जो एक छोटासा हिशोब होतो, तो इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. आडनाव, गाव, मग शांतता. आमच्यासाठी श्रद्धा सांगणे आणि जात सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून सात वर्षे मी काहीच सांगितले नाही. हा माझा हिशोब.

गेल्या वैशाखी पौर्णिमेला मात्र मी समितीकडे अर्ज केला की त्या मस्तकासमोर सकाळी अर्धा तास वंदना घेण्याची परवानगी मिळावी. आधी उत्तरच आले नाही, मग "धार्मिक कार्यक्रमांना परवानगी नाही" असे आले. गणपतीचे दहा दिवस कोणत्या सदरात मोडतात, असे मी विचारले. शेवटी "आवाज होणार नाही" या अटीवर होकार मिळाला. सकाळी साडेसहाला मी, माझे यजमान आणि दोन मेणबत्त्या, एवढेच होतो. नळ बंद करायला सांगायचे विसरले होते, त्यामुळे मागे पाणी पडतच होते. हळूहळू पाच जण आले. मी घाबरून दुसऱ्या गाथेतच अडखळले. तेवढ्यात मागून कुणीतरी ती गाथा उचलली. खणखणीत आवाज, एकही चूक नाही. वळून पाहिले तर रात्रपाळी संपवून निघालेले आमचे वॉचमन काका, टोपी काखेत, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. जालना जिल्ह्यातले. गावाकडच्या विहारात लहानपणापासून म्हणत आलेले. तीन वर्षे मी त्यांच्यासमोरून रोज ये-जा करते आहे. त्यांनी माझ्या गाडीवरचे निळे स्टिकर पहिल्या आठवड्यातच पाहिले होते, पण ताई स्वतःहून बोलत नाहीत, म्हणून तेही गप्प राहिले.

त्या दिवसापासून दर पौर्णिमेला काका वंदना घेतात आणि मी अर्थ सांगते. संख्या सातच्या वर गेलेली नाही. यंदाचा माझा संकल्प एवढाच आहे की कचेरीत कुणी विचारले तर वाक्य अर्धवट सोडायचे नाही.

रमाईची_लेक | १५ डिसेंबर, दुपारी ३.५०

ताई, हे वाचून अंगावर काटा आला.

आमच्या घरचा प्रश्न साधा आणि अवघड आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला त्रिशरण, पंचशील, भीमस्मरण सगळे पाठ आहे, पण अर्थ विचारला की तो छताकडे पाहतो. गेल्या वर्षी मी त्याला पाच शीलांचा अर्थ एकेक करून सांगितला. पाचव्या शीलाशी, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या 'सुरामेरय' पाशी, आम्ही नेमके डिसेंबरात पोचलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि जेवताना विचारले, "बाबांनी २५ तारखेला देहूरोडला हात जोडून हेच म्हटले आणि ३१ ला गच्चीवरच्या पार्टीला गेले, मग सहा दिवसांत ते संपते का?" त्याच्या बाबांनी पुढची भाकरी मागितली नाही. यंदा गच्चीवर जाणार नसल्याचे त्यांनी आपण होऊन जाहीर केले आहे. पाहू.

कोथरूडकर | १५ डिसेंबर, रात्री ११.१०

नमस्कार. मी जन्माने बौद्ध नाही. स्वारगेटजवळच्या विपश्यना केंद्रातून सुरुवात केली आणि मरकळला दहा दिवसांची तीन शिबिरे केली. तिथे शुल्क घेत नाहीत आणि धर्म बदला असेही कुणी म्हणत नाही. धम्माशी माझे नाते खरे आहे, असे मला वाटते. परंतु या धाग्यावर येऊन वाटले की आपण ज्याला 'धम्म पोचवणे' म्हणता, त्यात माझ्यासारख्याला जागा आहे की नाही? आपल्याला आमच्याकडून दीक्षा अपेक्षित आहे का? हिंजवडीच्या ताईंनी वर्णन केलेला "विपश्यना करता का?" हा प्रश्न मीही दोन-तीन वेळा विचारलेला आहे, कौतुकाने. तो समोरून कसा ऐकू येतो, हे आज कळले. क्षमस्व.

साठीनंतर | १६ डिसेंबर, सकाळी ६.५०

कोथरूडकर साहेब, आपण मोकळेपणाने विचारलेत, म्हणून मोकळेपणाने सांगतो. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्रिशरण-पंचशीलाबरोबर जुने देव आणि कर्मकांड सोडण्याच्या बावीस प्रतिज्ञाही दिल्या. त्या प्रतिज्ञा आम्हाला कठोर वाटत नाहीत. पवनेत देव सोडल्यावर आईच्या हाताला जो मोकळेपणा आला, तो त्यांतून आला. आपल्याला ती नदी कधी ओलांडावी लागली नाही, एवढाच फरक आहे. विपश्यनेला आमचा विरोध नाही. डोळे मिटून बसल्यावर शेजारच्या वस्तीकडे पाठ होऊ नये, इतकेच म्हणणे आहे. राहिला प्रश्न दीक्षेचा. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सांगणे हा आमचा हक्क आणि ऐकून काय करायचे हा आपला. यापेक्षा जास्त अपेक्षा कुणी करू नये.

पालीअभ्यासक | १६ डिसेंबर, सायंकाळी ५.२०

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून मूळ संदर्भ ठेवतो. 'चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय', म्हणजे भिक्षूंनो, बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहा, हे आपल्या कमानींवर, पत्रिकांवर सगळीकडे असते. त्याच्या लगेच पुढे येणारे वाक्य मात्र क्वचितच छापले जाते: 'मा एकेन द्वे अगमित्थ', एका वाटेने दोघे जाऊ नका. विनयपिटकातल्या महावग्गातला हा प्रसंग आहे. ऋषिपतनातला (सारनाथचा) पहिला वर्षावास, यश नावाचा तरुण आणि त्याचे मित्र संघात आलेले, भगवंतांना सोडून अर्हतांची, म्हणजे तृष्णेतून मुक्त झालेल्या भिक्षूंची, संख्या साठ. साठ माणसे आणि एवढा मोठा प्रदेश, तेव्हा जोडीने हिंडणे परवडणारे नव्हते. आणि इतरांना पाठवून भगवान स्वतः मागे राहिले नाहीत. मीही उरुवेलेला सेनानीगमाकडे निघतो, असे त्यांनी त्याच वेळी सांगितले.

त्यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. भिक्षू दूरदूर गेले, तिथे ज्यांना प्रव्रज्या, म्हणजे भिक्षू होण्याची दीक्षा, हवी होती त्यांना घेऊन भगवंतांकडे येऊ लागले, आणि या चालण्यात आणणारे आणि येणारे दोघेही थकून जात. ते पाहून भगवंतांनी अनुमती दिली की तुम्हीच, जिथे असाल तिथे, तीन वेळा शरणगमन म्हणवून घेऊन प्रव्रज्या द्या. आपण घरोघरी जे त्रिशरण म्हणतो, त्याला दीक्षाविधीचे रूप आले ते असे, वाटेवरच्या थकव्यातून. शेजारच्या आजी साठीनंतर यांच्या आईकडे रोज जात होत्या, तेही याच अनुमतीत बसते असे मी मानतो.

हिंजवडीच्या ताईंसाठी भगवंतांचे शिष्य पुण्ण स्थविर यांची आठवण काढतो. ते सुनापरान्ताला, म्हणजे परंपरेप्रमाणे आपल्या नालासोपाऱ्याच्या बाजूला, जायला निघाले तेव्हा भगवंतांनी विचारले की तिथली माणसे तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय म्हणशील? पुण्ण म्हणाले, हाताने मारत नाहीत, हे त्यांचे भलेपण आहे असे म्हणेन. हाताने मारले तर? ढेकळे मारत नाहीत, असे म्हणेन. असे करत संवाद थेट शस्त्रापर्यंत जातो. मज्झिम निकायाच्या पुण्णोवाद सुत्तात हे आहे. मात्र अपमान निमूट गिळावा, असा त्याचा अर्थ काढू नये. पुण्ण गेले, राहिले आणि पहिल्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका झाल्या, हेही सुत्त नोंदवते.

आता पवनाकाठ यांच्याशी थोडा वाद. पालीचे विद्वान धर्मानंद कोसंबी तरुणपणी गोव्यात नारळाची बाग सांभाळत होते, तेव्हा त्यांच्या हाती 'बालबोध' नावाचे मुलांचे मराठी मासिक पडले आणि त्यात त्यांनी बुद्धचरित्र वाचले. त्यांच्या घरी कुणीही येऊन बसले नव्हते. त्या काही पानांनी त्यांना १८९९ साली घराबाहेर काढले. पुण्यात येऊन ते संस्कृत शिकले, पुढे काशी, नेपाळ, मग सिंहल (श्रीलंका) असा प्रवास करून पाली शिकले, आणि १९१२ ते १९१८ या काळात याच पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात, पाली शिकवत होते. ते मासिक छापणाऱ्याने जर वर्षअखेरीस हिशोब मांडला असता, तर कोसंबींच्या साखवाळ गावी गेलेला तो अंक 'वाया' या रकान्यात पडला असता. तेव्हा हळदीचा ठसा नाही म्हणून अडुसष्ट घरे वजा करू नका. वजाबाकी करण्याइतके आपल्याला दिसत नसते.

पवनाकाठ | १६ डिसेंबर, रात्री १०.१५

सरांचे शेवटचे वाक्य कालपासून माझ्या मनात असलेल्या गर्वावर नेमके बसले. हो, गर्वच, "मी चुकलो" असे चारचौघांत लिहिण्यातही तो असतो.

तरीही माझे म्हणणे पूर्ण मागे घेत नाही. बाबासाहेबांनी त्या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतला फरक सांगताना लिहिले आहे की धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते, पण धम्म सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही; दोन माणसे परस्परसंबंधात आली की आवडो वा न आवडो, धम्माला जागा द्यावीच लागते. मला त्या अडुसष्ट घरांचे वाईट वाटते ते यासाठी, की तिथे दुसरा माणूस मी होतो आणि मी थांबलो नाही. कोसंबींसारखा वाचक असेल तर कागद पुरतो. मावशींना मात्र पाऊस लागला.

कोथरूडकर, आपल्या प्रश्नाला साठीनंतर काकांनी उत्तर दिलेच आहे. मी निवडलेल्या तीन घरांपैकी एक अजून ठरलेले नाही. आपली हरकत नसेल, तर एका पौर्णिमेला आपल्याकडे येईन. दीक्षेचा विषय मी काढणार नाही. आपण काढलात तर टाळणारही नाही. बावीस प्रतिज्ञा मात्र सोबत वाचू, कारण त्या गाळून धम्म सांगणे मला जमणार नाही.

पुस्तिकांबद्दल: जिथे बसेन तिथे एक ठेवून येईन, आणि उरलेल्या १ जानेवारीला पेरणे फाट्यावर, ग्रंथांच्या दुकानांच्या रांगेत एखाद्याने ठेवून घेतल्या तर त्याच्याकडे देईन. तिथे माणूस पुस्तकासाठीच थांबलेला असतो.

कोथरूडकर | १६ डिसेंबर, रात्री १०.४०

जरूर यावे. जिने तीन आहेत, उद्वाहन नाही. प्रतिज्ञा वाचताना मी काही ठिकाणी थांबवून प्रश्न विचारेन, ते चालत असेल तर.

हिंजवडी_रात्रपाळी | १७ डिसेंबर, सकाळी ८.०५

पालीअभ्यासक सर, पुण्ण स्थविरांची गोष्ट आज पहाटे गेटवर उभ्याउभ्या काकांना सांगितली. ते म्हणाले, "ताई, ढेकळापर्यंत आम्ही पाहिले आहे, पुढचे पुण्ण भन्त्यांनाच जमो."

२५ ला आम्ही दोघे आणि काका देहूरोडला येतो आहोत. काकांनी रजा टाकली आहे. लोकलने यावे की गाडीने?

पवनाकाठ | १७ डिसेंबर, सकाळी ९.३०

लोकलने या, ताई. त्या दिवशी महामार्गापासूनच गर्दी असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. देहूरोड स्थानकावर उतरून चालत येता येते. सकाळी लवकर या, म्हणजे रांगेत ऊन लागणार नाही. पांढरे कपडे आणि पाण्याची बाटली.

शक्य असेल त्यांनी २४ ला संध्याकाळी आमच्या खडकीच्या विहारात सफाईला यावे. वर्षभराचे मेणबत्त्यांचे मेण फरशीला घट्ट बसले आहे. गरम पाणी आणि बादल्या आहेत, माणसे कमी आहेत. खडकीकर, तुम्ही जवळच राहता.

खडकीकर | १७ डिसेंबर, सकाळी ९.५०

येतो. मेण खरवडायला मुदत संपलेली एटीएम कार्डे चांगली. सुरीने फरशीला चरे पडतात. माझ्याकडे तीन आहेत, आणखी कुणाकडे असतील तर आणावीत.